तेवीस प्रश्न

दादाच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते आणि वहिनींनी सरकारी बंगल्याच्या भिंती उघड्या करायला घेतल्या होत्या. फोटो उतरवले तिथे फिकट चौकोन राहिले होते. बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खोक्यांवर वहिनींनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘पुस्तकं’, ‘काच’, ‘चादरी’, ‘ह्यांचं’. ‘ह्यांचं’ लिहिलेली खोकी सात भरली होती आणि आठवं उघडं होतं.

धाकटी पोचली तेव्हा भाऊ त्यातल्याच एका खोक्यावर बसला होता. भाऊ म्हणजे तिघांतला मधला. बंदरात इंजिन दुरुस्तीचं त्याचं वर्कशॉप होतं, हात कायम काळे, आणि जीभ अशी की पाहुण्यांसमोर वहिनींना धडकी भरायची. बहिणीला पाहताच त्याने सरकून जागा केली आणि म्हणाला, की मोठ्या साहेबांच्या सदतीस वर्षांच्या नोकरीवर बसायचा मान आज पहिल्यांदाच मिळतोय, तूही घे बसून. वहिनी हसल्या नाहीत. धाकटी बसली, पण तीही हसली नाही, आणि भाऊला ते खटकलं. एरवी त्याच्या विनोदाला घरात हसणारी तीच एकटी होती.

दादा तटरक्षक दलात गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि पहिलं वर्षभर त्याला बोट लागत होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, ऑफिसात कोणालाच नाही. पोटात अन्नाचा कण टिकत नसे, तरी पहारा एकदाही चुकवला नाही. पुढे गस्ती जहाजं सांभाळली, पेटलेल्या मालवाहू जहाजावरून एकोणीस माणसं दोराने उतरवून आणली, हेलिकॉप्टरच्या तुकडीवर राहिला, मग नियंत्रण कक्षाचा प्रमुख, मग साऱ्या विभागाचा. माणूस फारसा बोलका नाही. घरातसुद्धा आदेश दिल्यासारखं बोलायचा आणि सहलीला निघतानाही यादी वाचून दाखवायचा. वहिनींनी संसार केला तो एका यादीशीच, असं भाऊ म्हणायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

पण दादाचं नाव झालं ते जहाजांमुळे नाही, एका कागदामुळे. तेवीस प्रश्नांचा तक्ता. समुद्रावर माणूस बेपत्ता झाल्याची खबर आली की पहिल्या तासात त्याच्या घरच्यांना फोन करायचा आणि ते तेवीस प्रश्न विचारायचे. होडीचा रंग कोणता, अंगावर कपडे कोणते, लाइफ जॅकेट होतं का, जीव वाचवायचा हवेचा तराफा होता का, पोहता येतं का, औषधं चालू आहेत का. घरात भांडण झालं होतं का, हाही एक. लोकांना तो फार बोचायचा. दादा म्हणायचा, बोचू दे, विचारा. समुद्रावर अंदाज चालत नाही, माहिती लागते. हा तक्ता त्याने तरुणपणी स्वतः तयार केला होता आणि आता सगळ्या दलात तोच वापरत. गुरुवारच्या निरोप समारंभात त्याची चौकटीत लावलेली प्रत त्याला द्यायची ठरली होती. हे गुपित होतं, पण वहिनींपासून कुठलं गुपित राहणार.

जेवताना चिमणी एकदाही मान वर करेना. चिमणी धाकटीची मुलगी, चोवीस वर्षांची, खांद्यावर पट्ट्या, मामाच्याच दलात, तीन महिन्यांपूर्वी नियंत्रण कक्षात रुजू झालेली. तरी घरात अजून चिमणीच. ताटाशेजारी तिने एक निळी फाईल आणून ठेवली होती. भाऊने एकदा विचारलं, काय गं, जेवणालाही हजेरीपट लागतो का. तिने फाईल उचलून मांडीवर घेतली. धाकटी भातात बोटं फिरवत राहिली, कारण त्या फाईलमध्ये काय आहे हे तिला बुधवारपासून ठाऊक होतं.

नव्या अधिकाऱ्यांना जुने शोध अभ्यासाला देतात. नावं झाकलेली असतात. तारीख, वारा, पाण्याचा प्रवाह आणि भरलेला तक्ता एवढं हातात ठेवायचं आणि सांगायचं, की काढा शोधून, आपण बरोबर ठिकाणी शोधत होतो का. चिमणीच्या वाट्याला आलेल्या कागदावर तारीख होती तिच्या बापाची.

तिचा बाप म्हणजे कप्तान. आठ मीटरची एक मासेमारीची होडी, तेवढ्यावर दादाने लग्नाच्या मांडवातच त्याला कप्तान म्हणून टाकलं आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. अकरा वर्षांपूर्वी जोडीदार तापाने आडवा होता म्हणून तो एकटाच समुद्रावर गेला. दुपारी दुसऱ्या होडीला पाण्यावर तरंगणारी फळी आणि डिझेलचा डबा दिसला. नियंत्रण कक्ष तेव्हा दादाच्या हातात होता. पन्नास तास शोध चालला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता दादाच्याच सहीने थांबला. कप्तान सापडला नाही, त्याचं काहीच सापडलं नाही.

बुधवारी फोनवर चिमणीने आईला त्या दिवसाच्या नोंदवहीतली एक ओळ वाचून दाखवली होती. ‘नातेवाइकांना फोन केला नाही. माहिती साहेबांनी स्वतः दिली.’ पुढे तक्ता, आणि तेवीस उत्तरं दादाच्या हस्ताक्षरात. ज्याने आयुष्यभर लोकांच्या रडत्या बायकांना फोन लावायला लावले, त्याने स्वतःच्या बहिणीला तेवढं सोसू दिलं नाही. मला सगळं माहीत आहे म्हणाला आणि लिहून मोकळा झाला. बाराव्या प्रश्नासमोर लिहिलं होतं: ‘तराफा आहे.’ असणारच की, तो त्यानेच भेट दिला होता.

फोन ठेवल्यावर धाकटी शिवणयंत्रापुढे जाऊन बसली होती. होड्यांवर घालायची कापडी आच्छादनं ती शिवायची, त्यावरच घर चाललं आणि चिमणी शिकली. त्या दिवशी तिने एक शिवण तीनदा उसवली. तराफा होडीवर नव्हताच. तेव्हा आठ दिवसांपासून तो भाऊच्या वर्कशॉपमध्ये होता, हवा तपासायला दिलेला.

जेवणं आटोपल्यावर वहिनींनी तिला स्वयंपाकघरात घेतलं. हातात पुसायला ताट दिलं आणि दार लोटलं. अभ्यासाला कुठल्या केसेस दिल्या त्याची यादी वर साहेबांच्या टेबलावर जाते, ती ह्यांनी पाहिली आहे, असं त्या म्हणाल्या. तक्ता पाळला नाही एवढं बाहेर येणार हे त्यांना कळलंय, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. मग त्यांनी आवाज उतरवला. पोरीला एवढंच सांगा, अहवाल सोमवारी नको देऊ. पाच दिवसांनी काय लिहायचं ते लिही म्हणावं. वहिनींनी उभ्या जन्मात धाकटीकडे काही मागितलं नव्हतं. धाकटीला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती नुसतीच ताट पुसत राहिली. तराफ्याचं यांना माहीत नाही, म्हणजे दादालाही माहीत नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

बाहेर आल्या तर फाईल टेबलावर उघडी होती. दादानेच मागितली होती. तो चष्मा लावून बसला होता, ऑफिसात बसतो तसाच ताठ.

“निष्कर्ष सांग,” तो म्हणाला.

चिमणी उभी राहिली. मामा समोर असला की बसून बोलायची, साहेब समोर असला की उभी राहायची, आणि आज कोण समोर आहे ते तिने ठरवलं होतं. ती म्हणाली की शोध तराफा धरून आखला होता. तराफा वाऱ्याबरोबर पळतो, म्हणून सगळी जहाजं पूर्वेला गेली. पाण्यातल्या माणसाला वारा एवढा ढकलत नाही, तो प्रवाहाबरोबर हळूहळू सरकतो. तराफा नसता तर शोध पश्चिमेला करायला हवा होता.

“नसता तर,” दादा म्हणाला. “पण होता.”

चिमणीने एकदा भाऊमामाकडे पाहिलं. तेरा वर्षांची असताना शाळा सुटल्यावर ती त्याच्या वर्कशॉपमध्ये त्या गुंडाळलेल्या तराफ्यावर बसून डबा खायची. त्या आठवड्यातही बसली होती. पण तिला बोलावं लागलं नाही.

“माझ्याकडे होता,” भाऊ म्हणाला.

भाऊ खोक्यावरून उठला, उभं राहून काय करायचं ते कळेना म्हणून परत बसला. मग त्याने जे सांगितलं ते एवढंच, की तिसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावर दादा त्याला म्हणाला होता, तराफा पूर्वेला लांब गेला असणार. तोवर त्याला वाटत होतं, ऑफिसला माहीत असेल, धाकटीने सांगितलं असेल. ते ऐकून तासभर तो धक्क्यावर बसून राहिला. मग उठून नियंत्रण कक्षात गेला तर दादा मीटिंगमध्ये होता, आणि दार उघडलं तेव्हा शोध थांबवल्याची सही झालेली होती. मग सांगून काय उपयोग, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने तराफा कापून काढला आणि भंगारात दिला.

वहिनी त्याच्यावर तुटून पडल्या. अकरा वर्षं ह्यांच्या ताटाला ताट लावून जेवलास, म्हणाल्या, टिंगल केलीस, आणि पोटात हे ठेवलंस. एका तासाने माणूस वाचला असता, आणि तू बसून राहिलास. चिमणी मध्ये पडली आणि शांतपणे म्हणाली, की मामी, भाऊमामाचा तास तिसऱ्या दिवसाचा आहे, चूक पहिल्या तासातली आहे. आत्तापर्यंत वहिनी आणि चिमणी दोघी दादाच्या बाजूला उभ्या होत्या, निदान जागेने तरी. आता चिमणी सरकून भाऊजवळ गेली.

दादाचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. त्याने नकाशा स्वतःकडे ओढला होता.

“पश्चिमेला कुठे?”

चिमणीने बोट ठेवलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी गस्ती जहाज तिथून अकरा मैलांवरून पूर्वेला गेलं होतं.

“तग किती तास?”

“ते सांगता येत नाही,” ती म्हणाली. “जॅकेट खरंच अंगात होतं का, पोहता येत होतं का, यावर आहे. तक्त्यात उत्तरं आहेत, पण ती घरच्यांची नाहीत. मी ती धरू शकत नाही.”

पुढचं तिने पुस्तकातलं वाचावं तसं सांगितलं. दोन मार्ग आहेत. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहायचं आणि केस बंद करायची. त्यात साहेबांकडून पद्धत पाळली गेली नाही एवढाच ठपका राहील, तोही सौम्य. किंवा जवळच्या नातेवाइकाकडून तक्ता आज भरून घ्यायचा. कोरा तक्ता तिने आणला होता.

तेव्हा भाऊ बोलला. नकाशाकडे न बघता म्हणाला, की कप्तानाला कुठे धड पोहता यायचं, आणि जॅकेट तर तो उशाला घ्यायचा. होडी उलटली असेल, पाच-दहा मिनिटांत सगळं संपलं असेल. इकडे शोधा नाहीतर तिकडे, काय फरक पडणार होता. बोलताना तो धाकटीकडे पाहत होता आणि त्याचे डोळे हात जोडल्यासारखे झाले होते. वहिनींनीही मान हलवली. हो, म्हणाल्या, मीही तसंच ऐकलं होतं. मघाशी ज्याला फाडून खाल्लं त्याच्याच शेजारी त्या आता उभ्या होत्या.

धाकटीला कळलं की हे सगळं आता तिच्यावर येऊन थांबलंय. ‘पोहता येत नव्हतं’ एवढे तीन शब्द बोलायचे. दादा गुरुवारी ताठ मानेने बाहेर पडेल. भाऊचा तो तास पुसला जाईल. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त सुटका तिचीच होईल, कारण अकरा वर्षं तिने स्वतःला हेच समजावलं होतं, की पटकन झालं असेल. दुसरं काही खरं असेल तर तिचा नवरा त्या पाण्यात रात्रभर जागा होता आणि कोणीतरी येईल म्हणून वाट बघत होता. हे तिला सहन होईल का, तिला माहीत नव्हतं.

“मला विचार,” ती दादाला म्हणाली.

“धाकटे, गरज नाही.”

“तीन दिवस फोनपाशी बसले होते रे मी. वाजला आणि ऐकू आला नाही तर, म्हणून नळसुद्धा सोडला नाही. तू दोनदा येऊन डोक्यावर हात ठेवून गेलास. मला वाटलं, काही विचारत नाहीयेत म्हणजे यांना सगळं माहीत आहे. आता विचार.”

दादाने कोरा तक्ता समोर घेतला. पेनाचं टोपण काढायला त्याला वेळ लागला. मग त्याने घसा साफ केला, आणि आवाज आला तो दादाचा नव्हता. सदतीस वर्षं त्याने ज्या आवाजात विचारायला शिकवलं तो होता.

“बेपत्ता व्यक्तीशी तुमचं नातं?”

त्याने तिला ‘तुम्ही’ म्हटलेलं कोणी कधी ऐकलं नव्हतं. भाऊने मान खाली घातली.

“बायको.”

होडीचा रंग तिने सांगितला, आतून पांढरा, बाहेरून हिरवा. इंजिनाचा आवाज कसा यायचा ते सांगितलं, तसा प्रश्न नव्हता तरी. कपडे: राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ, आत निळा शर्ट, त्याचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं. हे सगळं ती न अडखळता सांगत होती. अकरा वर्षांत एकही तपशील इकडचा तिकडे झाला नव्हता. दादा लिहीत होता. मध्येच त्याने ‘ठिगळ कुठल्या कोपराला’ असं विचारलं आणि ती म्हणाली, डाव्या.

“घरात भांडण झालं होतं?”

“झालं होतं. तराफ्यावरूनच. भाऊकडे आठ दिवस पडलाय, आणून लाव, मग जा, असं मी म्हटलं. तो चिडला. मीही मग दारापर्यंत गेले नाही.”

हे चिमणीलाही माहीत नव्हतं. तिने आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“होडीवर तराफा होता?”

“नव्हता.”

दादाने ‘नाही’ लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सरळ होतं.

“जॅकेट?”

“अंगात होतं. निघताना खिडकीतून बघितलं मी. जुना पट्टा तुटला होता, नवा मी लावला होता, आच्छादनाच्या दोऱ्याने, दुहेरी शिवण घालून. तो तुटणारा नव्हता.”

वहिनी पुढे झाल्या आणि मागे सरल्या. पुढचा प्रश्न कोणता ते सगळ्यांना माहीत होतं. दादाने तो वाचायला जरा वेळ घेतला, म्हणजे वाचायची त्याला गरजच नव्हती, पण त्याने बोट ठेवून वाचला.

“पोहता येत होतं?”

धाकटीने भाऊकडे पाहिलं, मग दादाच्या हाताकडे. पेन कागदाला टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं. त्याला काय उत्तर हवंय हे तिला इतकं स्पष्ट दिसत होतं की ते देऊन टाकावंसं वाटलं. त्यानेही तेव्हा असंच दिलं होतं, तिला त्रास नको म्हणून.

“येत होतं,” ती म्हणाली. “चांगलं येत होतं. बंदराच्या तोंडापासून धक्क्यापर्यंत पोहत यायचा, लग्नाआधी, मला दाखवायला. दमला की उताणा पडून राहायचा आणि म्हणायचा, असा मी दिवसभर राहीन.”

दादाने लिहिलं. त्या पाण्याचं तापमान, जॅकेट, वय आणि पोहणं यांचा हिशेब करायला त्याला कोष्टक लागत नव्हतं, आणि चिमणीलाही नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तीस तास,” तो म्हणाला. तो तिच्याशी बोलत नव्हता, कोणाशीच बोलत नव्हता. “दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.”

मग तो रडला. आवाज न करता, चष्मा तसाच ठेवून. वहिनी त्याच्याकडे निघाल्या तर त्याने हाताने थांबवलं, कारण तक्ता पुरा झाला नव्हता. धाकटीने पुढची उत्तरं दिली. औषधं नाहीत. जुनं दुखणं नाही. आणखी काही सांगायचंय, नाही. तेविसावा प्रश्न संपला. खाली एकच रकाना उरला होता, माहिती मिळाल्याची तारीख आणि वेळ. तिथे त्याचं पेन पुन्हा थांबलं. त्याने चिमणीकडे पाहिलं.

“आजची घाल,” धाकटी म्हणाली. “मला आजच विचारलंस.”

त्याने मनगटावरचं घड्याळ बघून आजची तारीख आणि वेळ घातली, खाली सही केली आणि कागद धाकटीकडे सरकवला.